पुन्हाबाईंचं मनगट

फोटो वाईट होता आणि तो ताईने पास केला होता. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसेनात. तोवर माझा रिपोर्ट सांगूनही झाला होता. मी बोलते आणि मशीन टाइप करतं. ‘भेग दिसत नाही, हाड जुळलेलं आहे’ एवढे शब्द पडद्याच्या कोपऱ्यात येऊन उभे होते आणि खाली फक्त सहीचं बटण दाबायचं होतं. बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. चपलेत बारीक खडा गेला तरी आपण दोन पावलं तसेच चालतो, तशी मी पुढचा फोटो उघडूनही बसले, कुणाचा तरी गुडघा, झिजलेला, म्हातारा. आणि मग परत मागे आले. ताईचं उजवं मनगट पडद्यावर पांढरं होऊन पडलं होतं. सगळं नीटनेटकं. हे कधी मोडलं होतं यावर विश्वास बसू नये इतकं.

मी हाडं वाचते. हा माझा धंदा आहे आणि तो मला चांगला येतो. असं म्हटलं की लोक जरा दचकतात, बाईमाणसाने निदान ‘प्रयत्न करते’ वगैरे म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. पण विमान चालवणारा ‘प्रयत्न करतो’ म्हणाला तर आपण पटकन उतरून जाऊ. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीला खिडकी नाही, दिवे मंद, समोर तीन पडदे आणि माझ्या बसण्याने एका बाजूला कललेली खुर्ची. इथे बसून मी माणसांची तोंडं न बघता त्यांचे खुबे, बरगड्या, घोटे बघते. मोडलेलं हाड जुळताना जे करतं ते बघायला मला अजूनही आवडतं. आधी भेगेच्या कडा धूसर होतात, आपण नक्की कुठे मोडलो हे हाडालाच आठवेनासं झाल्यासारख्या. मग एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे बारीक पांढरे धागे निघतात. आणि एक दिवस भेग कुठे होती हे दाखवायला जुना फोटो शेजारी ठेवावा लागतो. हे सगळं सावकाश चालतं. हाडाला कुणाची घाई कळत नाही, घाई असते ती माणसाला, सर्जनला, घरच्यांना, आणि मी या सगळ्यांच्या मध्ये बसून ‘अजून नाही’ म्हणते. ‘अजून नाही’ म्हणायला मला कधी जड गेलेलं नाही. त्याबद्दल माझी ख्याती आहे आणि ती मला मान्य आहे.

ताईचं मोडलेलं हाड म्हणजे मनगटात अंगठ्याच्या बुडाशी असतं ते, काजूएवढं आणि काजूसारखंच वाकडं. आम्ही त्याला स्कॅफॉइड म्हणतो. मोठं हट्टी हाड. त्याला रक्त उलटं येतं, बोटांच्या बाजूने मागे, त्यामुळे ते मोडलं की मागचा तुकडा उपाशी पडतो. जुळेपर्यंत प्लास्टरमध्ये गप्प ठेवलं तर निभावतं. घाईने कामाला जुंपलं तर तो तुकडा मरतो आणि मनगट जन्माचं जातं. मग कुलपात किल्ली फिरत नाही, डब्याचं झाकण निघत नाही, रात्री कुशीवर वळताना कळ येते. शिवाय हे हाड फोटोत सरळ सापडतही नाही. हात अंगठ्याच्या बाजूला किंचित झुकला की ते पुढे वाकतं, आखूड दिसतं, स्वतःच्याच अंगावर पडून राहतं आणि भेग त्या गर्दीत दडून जाते. करंगळीच्या बाजूला झुकवला की ते उभं पसरतं आणि जे असेल ते दाखवतं. म्हणजे हात कसा ठेवला यावर सगळं. थोडक्या फरकाने मोडलेलं मनगट बरं झालेलं दिसतं.

आणि हात ठेवण्याच्या बाबतीत आमची ताई म्हणजे शेवटचा शब्द. याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्सरेचं खातं तिच्या हातात आहे, मी इथे डॉक्टर म्हणून आले त्याच्या कितीतरी आधीपासून. तिला खाली सगळे पुन्हाबाई म्हणतात, तिच्या तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. हाताखालच्या कुणी काढलेला फोटो समोर आला की ती एकदा बघते आणि ‘पुन्हा’ म्हणते. पेशंट कण्हत असो, रांग जिन्यापर्यंत गेलेली असो, सर्जन दारात घड्याळ बघत उभे असोत, कोपर जरा उचललेलं दिसलं की पुन्हा. आणि माणसाला उगाच किरण द्यायचे नाहीत, म्हणून पहिल्यांदाच नीट ठेवत जा, हेही त्याच दमात ऐकवते. तिच्या खात्यातला फोटो मी वरची माहिती न वाचता ओळखते. मधोमध, सरळ, चारी बाजूंना सारखी मोकळी जागा, एखाद्या शिस्तीच्या मुलीच्या अक्षरासारखा. आज पडद्यावर होतं ते अक्षर तिचं नव्हतं. हात अंगठ्याकडे झुकलेला होता. फार नाही, पण झुकलेला. आखूड झालेल्या हाडाच्या टोकाशी एक गोल कडंसुद्धा दिसत होतं, जे दिसलं की हात चुकीचा ठेवलाय हे शिकाऊ डॉक्टरलाही कळतं. मला ते दिसलं होतं. पण फोटो ताईकडून आलाय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांनी त्याला ‘बसा’ म्हणून आत घेतलं होतं.

मी खाली फोन लावला. ड्यूटीवर ताईच्या हाताखालचा जुना टेक्निशियन होता, तिच्या ओरडण्यावर ज्याचे केस पिकले असा.

“ताईंचा फोटो तुम्ही काढलात का?”

“बटण मी दाबलं, मॅडम. हात त्यांनीच ठेवला. म्हणाल्या, तू मागे हो, माझा हात मी ठेवते.”

“आणि फोटो बघितला त्यांनी?”

“बघितला. ठीक आहे म्हणाल्या.”

“पुन्हा नाही म्हणाल्या?”

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “आम्हालाही नवल वाटलं. म्हटलं, तब्येत बरी नसेल.”

म्हणजे ताई खोटं बोलली होती, आणि तेसुद्धा हाताने. तोंडाने ती कधी बोलत नाही, तिला जमतच नाही, कान लाल होतात. पण मनगट कुठल्या बाजूला किती झुकवलं की काय लपतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला आधी हसू आलं. मग राग आला, कारण हा फोटो वाचणार मी, हे तिला माहीत होतं. मुद्दाम माझ्याकडेच पाठवायला लावला होता तिने. ‘तुझ्या डोळ्याखालून गेला की मी निर्धास्त,’ असं काल फोनवर म्हणाली होती, आणि मी मूर्खासारखी फुगले होते. माझ्यावरच्या विश्वासाचा असा वापर आमच्या घरात याआधी कुणी केला नव्हता. सही न करता मी उठले. जिना उतरताना राग एकेक पायरीने उतरेल असं वाटलं होतं, पण तो माझ्याबरोबर चांगला टक्क जागा राहून खाली आला.

ताईने मला वाढवलं असं म्हटलं तर आईला वाईट वाटलं असतं, पण आई पाळीची नोकरी करायची आणि तिच्या पाळ्या रोज बदलायच्या. बदलायची नाही ती ताई. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरायची नाही, मनगट धरायची. हात निसटतो, मनगट निसटत नाही, असं तिचं म्हणणं. मला राग यायचा, कैद्यासारखं वाटायचं. पुढे ती एक्सरेचं शिकायला लागली तेव्हा घरी सराव करायला माणूस हवं, ते मी. जेवायच्या टेबलावर वरून टेबललॅम्प टांगायचा, खाली पांढरा कागद, त्यावर माझा हात. लॅम्प म्हणजे मशीन. ‘करंगळीकडे. अजून. बोटं मिटून घे. श्वास सोड. हलू नकोस.’ मी हलायचे. ती शांतपणे म्हणायची, पुन्हा. कागदावर माझ्या हाताची सावली पडायची आणि ती तिच्याकडे अशी बघायची की सावलीच्या आत तिला खरोखर हाडं दिसताहेत. मलाही दिसायला लागली. मी पुढे डॉक्टर झाले, आणि कापाकापी, औषधं, सुया हे सगळं सोडून अंधाऱ्या खोलीत फोटो वाचत बसले, याचं कारण लोकांना मी वेगवेगळं सांगते. खरं कारण तो टेबललॅम्प. त्यामुळे तिने मला फसवायचा प्रयत्न केला याचा राग माझ्यात फार जुन्या जागी जाऊन बसला होता, जिथे सहसा कुणाला प्रवेश नसतो.

आणि ती हे कशासाठी करतेय, ते मला कळत नव्हतं. कामावर यायची घाई? तिची रजा भरपूर शिल्लक होती. भाऊजी? भाऊजी म्हणजे तिचा नवरा, नकाशे काढणारा माणूस. डोंगर, नद्या, रस्ते अशा बारीक पेनाने काढायचे की भिंग घेऊन बघावं. बडबडे. मला ‘हाडवाचक’ म्हणायचे, आणि माझ्याशी हस्तांदोलन करताना ‘बघ गं, काही मोडलंय का’ म्हणून हात पुढे करायचे. अर्धांगाचा झटका आला त्यात उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. एक शब्द राहिला, ‘बरं’. सगळ्याला बरं. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, रडू आलं तरी बरं. सूर मात्र वेगळा, आणि तो ताईला बरोबर कळतो. त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर ती एकटी हलवायची. असंच एकदा त्यांचा पाय घसरला, त्यांचं डोकं आपटायला नको म्हणून तिने फरशीवर हात टेकला, दोघांचं वजन त्या हातावर आलं. भाऊजींना खरचटलंही नाही. प्लास्टर लागल्यापासून एक मदतनीस सकाळ-संध्याकाळ येतो, दणकट, हसरा, कामात चोख. भाऊजींना असा उचलतो की जणू उशी. मग ताईला काय कमी होतं? मी सगळा हिशेब मांडला आणि मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर न येण्याची मला सवय नाही.

ती तळमजल्याच्या पॅसेजमध्ये पेशंटांच्या बाकावर बसली होती. एवढी वर्षं ती त्या बाकासमोरून गेली असेल, पण त्यावर बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. मांडीवर पर्स, प्लास्टर काढलेला हात तात्पुरत्या पट्ट्यात गुंडाळलेला. कातडी फिकी, हात बारीक झालेला, दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

“झाला रिपोर्ट?”

“सही राहिलीय.”

“मग कर की बाई. शेजारच्या काकू बसल्यात यांच्याजवळ, त्यांना किती वेळ अडकवायचं?”

“सीटी स्कॅन करून टाकू या. मशीन रिकामं आहे आत्ता. हात कसाही ठेवला तरी त्यात सगळं दिसतं.”

शेवटचं वाक्य मी जरा सावकाश बोलले. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीवरची किरणांची पाटी वाचत होती, जी तिनेच लावून घेतलेली आहे.

“एक्सरेत भेग दिसतेय का तुला?”

“नाही.”

“मग झालं तर. उगाच किरण घ्यायचे का मी?”

मी तिचा हात हातात घेतला, पट्टा सैल केला आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे माझा अंगठा दाबला. हे हाड जुळलं नसेल तर तिथे दाबल्यावर माणूस ओरडतो. ताईचा चेहरा हलला नाही. डोळे पाटीवरच. पण पायाची बोटं चपलेत वळली, अशी की चपलेचा पट्टा ताणला गेला. मी हात सोडला. दोघींनाही कळलं होतं की दुसरीला कळलंय. आमच्या घरात असंच असतं. मोठा आवाज फक्त क्षुल्लक गोष्टींसाठी.

मला सीटीचा हुकूम सोडता आला असता. सर्जनला फोन केला असता तर त्याने तिला ढकलत नेलं असतं. पण मला ती तिच्याकडूनच हवी होती, ती भेग. आणि ती कशी काढायची ते मला त्या बाकावर बसल्या बसल्या सुचलं. ताईबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, जी तिला स्वतःलाही माहीत नाही.

“बरं, सीटी नको,” मी म्हटलं. “पण हा फोटो मला जरा वाकडा वाटतोय. एक साधा फोटो काढते मीच.”

“तू?” ती हसली. आज पहिल्यांदाच. “तुला मशीन कुठल्या बाजूने चालू होतं ते तरी ठाऊक आहे का?”

“शिकव.”

टेक्निशियनला मी चहाला पिटाळलं. खोली थंड होती, टेबलाची काच थंड. ताई टेबलाशी स्टुलावर बसली, जिथे पेशंट बसतात, आणि हात पुढे केला. अगदी मघासारखाच, अंगठ्याकडे झुकलेला. मी तो उचलला आणि ठेवला. वाईट ठेवला. थोडा मुद्दाम, थोडा खरंच, कारण दुसऱ्यांनी ठेवलेले हात वाचणं वेगळं आणि हात ठेवणं वेगळं. मशीनचा मधोमध फुली असलेला उजेडाचा चौकोन मी तिच्या कोपराजवळ आणला. मग बोटांवर. मग अर्धा टेबलाबाहेर. ताईचा श्वास नाकातून जोरात बाहेर पडला.

“मधोमध घे ना.”

“घेतलाय की.”

“हे मधोमध? अगं, फुली मनगटावर पाहिजे. तू काय बोटं मोजणारेस?”

मी फुली हलवली, चुकीच्या बाजूला. तिची डावी मूठ मांडीवर आवळली गेली. मी तिच्या मनगटाखाली स्पंजची वडी सरकवली, जी तिथे असायला नको.

“ती काढ. वडी काढ ती. मनगट हवेत टांगलंस तर फोटो मोठा होईल, धूसर होईल.”

“असं?”

“असं नाही! कोपर टेकव आधी माझं. खांदा, कोपर, मनगट एका पातळीत. एवढे फोटो वाचतेस आणि एवढंसुद्धा कळत नाही?”

“मग ठेव ना तूच. मी नुसती दाबते.”

खोलीत पंख्याचा आवाज होता. ती आपल्या हाताकडे बघत होती. तिच्या कपाळावर बारीक घाम आला होता. तिथे काय चाललं होतं ते मला लख्ख दिसत होतं, कुठल्याही यंत्राशिवाय. समोर टेबल, वर मशीन, उजेडाच्या चौकोनात एक गबाळा ठेवलेला हात, आणि फोटो निघणार. असा फोटो तिच्या खोलीत निघणार. मघाशी टेक्निशियन समोर असताना तिने एवढं कसं निभावलं कोण जाणे, तेव्हा बहुतेक डोळे मिटले असतील. आता माझ्या गबाळेपणाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. डाव्या हाताने तिने स्पंज उडवून दिला. कोपर सरकवलं. बोटं मिटली. चौकोन ओढून घेतला, कडा जुळवल्या. आणि मग उजवा हात, आधी नको नको म्हणत, मग एकदम ठामपणे, करंगळीच्या बाजूला वळला. तिला दुखलं. दुखूनही ती थांबली नाही, जिथे पोचायला हवं तिथपर्यंत हात नेला आणि म्हणाली, “हं. आता. हलत नाहीये मी.”

मी बटण दाबलं.

फोटो पडद्यावर आला. काय फोटो होता! मधोमध, सरळ, चारी बाजूंना सारखी जागा. हाड लांबच लांब पसरलेलं आणि त्याच्या कमरेत, केसाएवढी, काळी, भेग. ताई स्टुलावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने बघितलं. मग खालच्या आवाजात, कामावर असताना बोलते तसं म्हणाली, “आतल्या बाजूने धरलंय. बाहेरच्या बाजूने नाही.”

“हो. सीटी केलं की किती धरलंय ते मोजता येईल. पण अर्ध्याच्या वर नाही, हे मी आत्ताच सांगते.”

“फोटो छान आलाय,” ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून रडायला लागली.

ती रडते तेव्हा आवाज होत नाही, नुसते खांदे. मला कळायला लागल्यापासून ती अशी फार तर आई गेली तेव्हा रडली असेल. मी दाराची कडी लावली. बाहेरचा लाल दिवा सुरू केला, म्हणजे कुणी आत येणार नाही.

“आजपासून येऊ नको म्हणून सांगितलंय मी त्या मदतनिसाला,” ती म्हणाली. “संध्याकाळपासून.”

“का पण? तो चांगला आहे ना?”

“चांगलाच आहे. उचलतो, बसवतो. झालं. पटकन करतो सगळं.” तिने डाव्या हाताच्या पाठीने नाक पुसलं. “तुला कसं सांगू? यांना उचलताना कसं उचलायचं माहितीये? समोर उभं राहायचं, हात बगलेखालून पाठीवर न्यायचे, त्यांची हनुवटी आपल्या खांद्यावर. मग उठायचं दोघांनी. उठलो की तसंच उभं राहायचं थोडं, तोल येईपर्यंत. दिवसातनं तीन-चार वेळा. बाकी काही कळतं का, काही वाटतं का, मला माहीत नाही गं. पण तेव्हा ते त्यांच्या चांगल्या हाताने माझी पाठ धरायचे. तेवढंच उरलंय आमच्यात. आता तो माणूस उचलतो आणि मी बाजूला उभी असते, टॉवेल घेऊन.”

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला लाज वाटली नाही, कारण माझी चूक नव्हती. भेग होती आणि मी ती शोधली होती. पण मला फार वाईट वाटलं. मी तिचं मनगट वाचवत होते, आणि त्याच सहीने तिच्याकडून हे काढून घेत होते, अजून किती आठवडे कुणास ठाऊक. आणि मला त्याच वेळी हेही स्वच्छ दिसत होतं की ती आज संध्याकाळी भाऊजींना मिठीत घेऊन उचलेल, उद्या उचलेल, आणि काही महिन्यांनी तिच्या हातात ते बळच राहणार नाही. मेलेल्या तुकड्याचे फोटो मी पाहिले आहेत. तो आजूबाजूच्या हाडांपेक्षा जास्त पांढरा दिसतो, आणि मग चुरतो. हे मी तिला समजावून सांगितलं नाही. तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिला माहीत होतं आणि तरी तिने हात अंगठ्याकडे झुकवला होता.

“लिही काय लिहायचं ते,” ती म्हणाली.

मी तिच्याच टेबलाशी बसून आधीचं वाक्य खोडलं. भेग दिसते, हाड पूर्ण जुळलेलं नाही, सीटी करावं, तोवर हात प्लास्टरमध्ये ठेवावा. सही केली. माझं बोट अडखळलं नाही आणि ते अडखळायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. मग सर्जनकडे जाऊन ताज्या प्लास्टरची व्यवस्था केली, सीटीचं मशीन तोवर भरलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली, माझे उरलेले फोटो सहकाऱ्याच्या गळ्यात मारले आणि ताईला घेऊन निघाले. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती. नवं प्लास्टर मांडीवर ओलं, जड. मदतनिसाला फोन लावू का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, आज नाही मिळणार तो, दुसरीकडे जायचं म्हणत होता. ते मला ठीकच वाटलं. माझ्या मनात एक गोष्ट जुळत आली होती आणि ती जुळणार याची मला खात्री होती.

घरी शेजारच्या काकू उठून उभ्या राहिल्या, चपला शोधायला लागल्या. भाऊजी पलंगाच्या कडेला उशांच्या आधाराने बसलेले. मला बघून “बरं” म्हणाले, वरच्या सुरात. ताईचं प्लास्टर बघून पुन्हा “बरं”, पण खालच्या. त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. तिथून खाली रस्त्याचं वळण दिसतं, आणि वळणं बघायला त्यांना आवडतं.

“मी उचलते,” मी म्हटलं.

ताईने मान हलवली आणि टॉवेल घ्यायला वळली.

“टॉवेल ठेव तो. इकडे ये. समोर उभी राहा.”

“माझ्या हाताला जोर द्यायचा नाही म्हणालीस ना?”

“द्यायचाच नाही. जोर माझा. मी मागून घेते त्यांना.”

मदतनीस वापरायचा तो कमरेचा जाड पट्टा मी भाऊजींना बांधला, पलंगावर चढून त्यांच्या पाठीमागे एक गुडघा टेकला आणि पट्टा दोन्ही मुठींत धरला. ताई समोर आली. तिने डावा हात त्यांच्या बगलेखालून घातला, उजवा नुसता वर धरला, प्लास्टर कुठे ठेवावं हे न कळून. मी म्हटलं, पाठीवर टेकव, दाबू नकोस. भाऊजींचा चांगला पाय जमिनीवर होता. मी ओढलं, त्यांनी पाय रेटला, आणि ते वर आले. त्यांचं वजन माझ्या खांद्यांतून पाठीत गेलं. माणूस इतका जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी माणसं नेहमी सावलीतच पाहिलेली. त्यांची हनुवटी ताईच्या खांद्यावर टेकली. मला मागून फक्त त्यांची मान दिसत होती, ताईचं पांढरं प्लास्टर त्यांच्या शर्टावर, आणि त्यांचा डावा हात, जो सावकाश उचलला गेला, हवेत थोडा चाचपडला आणि तिच्या पाठीवर जाऊन पसरला.

माझ्या हातांना आताच कळ लागली होती. खुर्ची अगदी जवळ, एका पावलावर होती. मी म्हटलं, “आला का तोल? वळवू का?”

“थांब,” ताई म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. “लगेच बसवू नकोस.”

मी पट्टा घट्ट धरून तशीच राहिले.